बातमीत सात, गच्चीवर तीन

नमस्कार मंडळी. या वेळी पत्रांचा ढीग नेहमीपेक्षा मोठाय, कारण २०२५ सालात आकाशाने बातम्या पण तेवढ्याच दिल्या, आणि बातम्यांनी आकाशाला पण काय काय बनवलं! नव्या वाचकांसाठी परत सांगते, मी खगोलशास्त्रज्ञ वगैरे नाही. डोंबिवलीत पाच मजली बिल्डिंगची गच्ची, एक दहा बाय पन्नासची बायनॉक्युलर, एक प्लास्टिकची खुर्ची आणि डासांचं मलम, एवढंच माझं वेधशाळेचं सामान. तर चूकभूल द्यावी घ्यावी.

ताई, २०२५ च्या फेब्रुवारीत "सात ग्रह एका रांगेत, नुसत्या डोळ्यांनी बघा" असं वाचून आम्ही घरचे बारा जण गच्चीवर गेलो. तीनच दिसले. बाकीचे चार कुठे होते? — एक वाचक, नाशिक

जागेवरच होते हो. २८ फेब्रुवारीला पश्चिमेला शुक्र असा झगझगीत होता की तो न दिसणं अवघड, गुरू वर रोहिणीजवळ, मंगळ मिथुन राशीत. हे तुमचे तीन. शनी त्या दिवशी सूर्याच्या इतका जवळ होता की मावळतीच्या उजेडातच बुडालेला, बुध क्षितिजाला चिकटून, म्हणजे समोर एखादा टॉवर उभा असेल तर विषयच संपला. युरेनसला निदान बायनॉक्युलर आणि काळंकुट्ट आकाश पाहिजे, नेपच्यूनला टेलिस्कोपच. मग बातमीत "नुसत्या डोळ्यांनी" कोणी घातलं? ते मलापण शोधायचंय.

आणि "एका रांगेत"चं कौतुक तर मला कधी कळलंच नाही. सगळे ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आपल्याला ते आकाशात कायम एकाच वाटेवर दिसतात, ज्या वाटेने सूर्य आणि चंद्र जातात तीच. एका वेळी जास्त ग्रह दिसले तर छानच आहे, पण ते रांगेत आहेत हे सांगणं म्हणजे आज लोकल चक्क रुळावरून आली अशी बातमी देण्यासारखं झालं.

आमच्याकडे त्या संध्याकाळी निम्मी सोसायटी वर आली होती. बी विंगच्या काकूंनी मोठ्या उत्साहाने चौथा ग्रह शोधला, मग पाचवा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग पाचव्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि तो सांताक्रूझला उतरायला निघून गेला. काकू अजून म्हणतात मी पाच बघितले.

थ्री-आय अ‍ॅटलस हे परग्रहावरचं यान होतं आणि नासाने फोटो दाबून ठेवले, असं माझा भाचा रोज ग्रुपवर टाकतो. त्याला काय उत्तर देऊ? — एक मामा, नागपूर

मामा, भाच्याला आधी नावाचा अर्थ सांगा. अ‍ॅटलस हे पृथ्वीच्या आसपास येणारे लघुग्रह हुडकायला लावलेल्या दुर्बिणींच्या जाळ्याचं नाव आहे. त्यातल्या चिलीमधल्या दुर्बिणीला हा पाहुणा १ जुलै २०२५ ला दिसला. थ्री म्हणजे तिसरा, आय म्हणजे इंटरस्टेलर, आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेला. पहिला २०१७ चा ओमुआमुआ, दुसरा २०१९ चा बोरिसोव्ह. बाहेरचा आहे हे कसं कळलं, तर वेगावरून. सापडला तेव्हा ताशी २ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास वेग, एवढ्या वेगाच्या गोष्टीला सूर्य धरून ठेवू शकत नाही, तिची वाट वळते पण बंद होत नाही. म्हणजे दारात आला, चपला पण न काढता आत डोकावला आणि गेला.

यानाची शक्यता हार्वर्डच्या आवी लोब यांनी बोलून दाखवली होती आणि तिथून सगळी गंमत सुरू झाली. बाकी बहुतेक सगळे संशोधक पहिल्यापासून म्हणत होते की हा धूमकेतू आहे, कारण तो धूमकेतूसारखाच वागत होता, सूर्याजवळ आल्यावर वायू आणि धूळ सोडत होता, शेपूट फुटलं होतं.

आता फोटो दाबल्याचं. झालं असं की ऑक्टोबर २०२५ मध्ये, नेमका तो सूर्याच्या जवळ जात असताना, अमेरिकेत बजेटवरून भांडण होऊन सरकारी कामकाजच बंद पडलं, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर. नासाची बरीच माणसं घरी बसलेली. मग १९ नोव्हेंबरला नासाने पत्रकार परिषद घेऊन फोटो दाखवले आणि धूमकेतू आहे म्हणून सांगितलं. फोटोत एक धूसर पांढरा ठिपका. भाचेमंडळी भयंकर नाराज झाली. सरकारी ऑफिस बंद होतं म्हणून काम अडलं, ही गोष्ट आपल्याला तरी पटकन पटायला पाहिजे होती, आपण तर रेशनकार्डात नाव घालायला गेलेली माणसं.

१९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, म्हणजे किती, तर साधारण २७ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटीवर आहे. हे झालं "पृथ्वीच्या अगदी जवळून"!

२०३२ साली लघुग्रह आदळणार असेल तर वीस वर्षांचं होम लोन घेऊ का नको? — एक त्रस्त नवरा, ठाणे

घ्या, घ्या. बँक तशीही सोडणार नाही.

तुम्ही म्हणताय तो २०२४ वायआर-४. डिसेंबर २०२४ च्या शेवटी सापडला, साठेक मीटरचा दगड, आणि २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीला धडकायची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, मग १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के अशी चढत गेली. त्या आठवड्यात आमच्या भाजीवाल्यानेपण मला विचारलं होतं. आणि मग पुढच्या काही दिवसांतच ती शक्यता जवळपास शून्यावर आली. लोक म्हणाले, बघा, आधी घाबरवतात मग शब्द फिरवतात. तसं नसतं ते.

गल्लीतलं क्रिकेट आठवा. कोणीतरी चेंडू उंच उडवलाय, आणि समोर जोशीकाकूंच्या खिडकीची काच आहे. चेंडू नुकताच बॅटवरून सुटलाय तेव्हा तो कुठेही पडू शकतो, अख्खी गल्ली संशयित, त्यात काकूंची खिडकी म्हणजे इवलासा भाग, सो टक्केवारी कमी. अर्ध्या सेकंदाने कळतं की चेंडू डावीकडे चाललाय, उजवी अर्धी गल्ली सुटली, पण खिडकी डावीकडेच आहे, म्हणजे उरलेल्या जागेत खिडकीचा वाटा वाढला. टक्केवारी वाढली, पोरांचे श्वास अडकले. अजून थोडं कळतं, आणि चेंडू खिडकीच्या दोन फूट वरून जाणार हे नक्की होतं. झाली शून्य. चेंडू पहिल्यापासून तिकडेच चालला होता, बदललं ते फक्त आपल्याला असलेलं ज्ञान. लघुग्रहाचं अगदी हेच होतं, रोज नवी निरीक्षणं येतात आणि संशयित गल्ली आखूड होत जाते.

एवढे घाबरायचे असाल तर एकदा लोणारला जाऊन या, आपल्या काळ्या दगडात जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडलाय आकाशातून आलेल्याने. तो बघितल्यावर हप्ता लहान वाटतो म्हणे.

मालवणला आमच्या अंगणातून दिव्यांची माळ आकाशात एका रेषेत जाताना दिसली. आईने हात जोडले. काय होतं ते? — एक वाचक, सिंधुदुर्ग

आईंना सांगा हात जोडले ते जोडले, पण माळ बहुतेक स्टारलिंकची होती. एका रॉकेटमधून हे इंटरनेटवाले उपग्रह डझनांनी सोडतात, पहिले काही दिवस ते शाळेतल्या पोरांसारखे एकामागोमाग चालतात आणि मग हळूहळू वर, साधारण ५५० किलोमीटरवर, आपापल्या जागी पांगतात. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे अंधार असतो पण एवढ्या उंचीवर ऊन असतं, ते ऊन त्यांच्यावर चमकतं. दिवे बिवे नाहीत. सुरुवातीला मला फार भारी वाटायचं, आता एखादा उल्कावर्षाव बघायला बसावं आणि दर थोड्या वेळाने यांच्यातलाच कोणीतरी मधून जातो तेव्हा राग येतो.

याच विषयावर वर्ध्याच्या एका वाचकांनी २०२२ च्या गुढीपाडव्याची आठवण लिहिलीय, ती छान आहे. २ एप्रिल २०२२, संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला विदर्भात आणि आसपास हजारो लोकांनी आकाशातून आगीचे गोळे रांगेने जाताना बघितले. टीव्हीवर लगेच उल्कापात. पण उल्का अशी रेंगाळत नाही, ती सेकंद-दोन सेकंदात जाते, "अरे ती बघ" म्हणेपर्यंत संपलेली असते. जे सावकाश, तुकडे तुकडे होत, अख्खं आकाश ओलांडतं, मोबाईल काढून कॅमेरा चालू करेपर्यंत थांबतं, ते बहुतेक वेळा माणसानेच वर पाठवलेलं काहीतरी परत येत असतं. ते चीनच्या लाँग मार्च थ्री-बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता असं नंतर जाणकारांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर साधारण तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली, चाळीसेक किलोची. कोणाला लागलं नाही हे नशीब. पाडव्याला गुढी उभारली, संध्याकाळी आकाशाने परतीचा अहेर पाठवला.

बायकोच्या वाढदिवसाला ऑनलाइन एक तारा विकत घेऊन तिच्या नावाने केलाय. तो कुठे दिसेल? — एक वाचक, पुणे

सर्टिफिकेटवर. ताऱ्यांना अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघटना देते आणि ती विकत नाही. बायकोला सांगू नका, वर्षभर रोज एक तारा दाखवा तिला, तो कुठला ते कोण तपासतंय.

सुपरमूनचा फोटो काढला तर मोबाईलमध्ये खडीसाखरेचा दाणा येतो. — एक कॉलेजकन्या, कोल्हापूर

अगं सगळ्यांचा तसाच येतो. चंद्राची वाट पूर्ण गोल नाही, तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरच्या जवळपास येतो तर कधी ४ लाख ६ हजारापर्यंत लांब जातो. जवळ असताना पौर्णिमा आली की सुपरमून. हे नाव १९७९ साली एका अमेरिकन ज्योतिषाने काढलं, खगोलवाल्यांनी नाही, पण आता सगळेच वापरतात आणि मीपण वापरते, काय करणार. सगळ्यात लांबच्या पौर्णिमेपेक्षा सुपरमून १४ टक्के मोठा दिसतो. म्हणजे शेजारी शेजारी ठेवले तर फरक कळेल, आणि चंद्र आपल्याकडे एकच आहे.

२०२५ मध्ये कोजागरी आणि त्रिपुरी पौर्णिमा दोन्ही सुपरमून होत्या. त्रिपुरीचा तर वर्षातला सगळ्यात जवळचा. तो इमारतींच्या मधून वर येताना परातीएवढा दिसतो ते आपल्या मेंदूचे खेळ, दोन तासांनी डोक्यावर गेला की परातीची वाटी होते. तेव्हा एक गंमत कर, हात लांब करून करंगळी धर. उगवताना पण नखाआड जातो आणि डोक्यावर असताना पण. फोटोसाठी झूम कमी कर, समोर देवळाचा कळस नाहीतर नारळाचं झाड घे. बाकी मसाला दूध.

२ ऑगस्टला जगभर सहा मिनिटं काळोख होणार, शंभर वर्षांत असं ग्रहण झालं नाही, असा मेसेज २०२५ मध्ये आला होता. झालं काहीच नाही. — एक आजोबा, रत्नागिरी

आजोबा, मेसेज पाठवणाऱ्याचं वर्ष चुकलं. २ ऑगस्ट २०२७ ला आहे ते. ते पण जगभर नाही, स्पेनच्या दक्षिण टोकापासून उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी, येमेन अशा एका पट्ट्यात. इजिप्तमध्ये लक्सरच्या जवळ ६ मिनिटं २३ सेकंद सूर्य पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, आणि ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे रत्नागिरीत सूर्य तसाही कोणी बघितलेला नसतो.

"शंभर वर्षांत" तर अगदीच खोटं. या शतकातलं सगळ्यात लांबलेलं खग्रास होऊनसुद्धा गेलं, २२ जुलै २००९, प्रशांत महासागरावर ६ मिनिटं ३९ सेकंद. पट्टा आपल्याकडे सुरतवरून सुरू झाला होता. मी आदल्या रात्री ग्रहणाचा चष्मा उशाशी घेऊन झोपले, पहाटे साडेपाचला उठून गच्चीवर गेले, आणि छत्री घ्यायला परत खाली आले. सासूबाई ग्रहण म्हणून पाण्यात तुळशीपत्र टाकून बसल्या होत्या, मी ओली होऊन आले तर म्हणाल्या, आता तुझ्यावर पण टाकू का एक.

आणि ३ मार्च २०२६ चं, होळीच्या दिवसांतलं, खग्रास चंद्रग्रहण. "महाराष्ट्रात दिसणार लाल चंद्र" ही त्याची ठरलेली बातमी. आपल्याकडे चंद्र उगवताना ग्रहण संपत आलेलं, नागपूरकरांना थोडा तरी कुरतडलेला चंद्र, आम्हा मुंबईच्या बाजूच्या लोकांना जवळपास काहीच नाही.

दहावीत आहे. बातमीत फक्त एलियन नाहीतर प्रलय असतो. खरं काही शोधतात का आपल्याकडे? — एक विद्यार्थिनी, लातूर

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांमधून एक दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, शोधल्याचं जाहीर झालं. विश्वाचं वय साधारण दीड अब्ज वर्षंच होतं तेव्हाची, आणि तेवढ्या लहान वयात तिला व्यवस्थित दोन सर्पिल हात. आपल्या आकाशगंगेसारखी सुबक दीर्घिका घडायला खूप जास्त वेळ लागतो अशी समजूत होती, म्हणजे हे बाळ पाळण्यातून उठून थेट भरतनाट्यम करायला लागलं. नाव ठेवलं अलकनंदा. आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयात मंदाकिनीची जोडीदार नदी अलकनंदा, म्हणून. किती गोड!

आमच्या घरी येणाऱ्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर बोटभर होती, त्याच आठवड्यात एलियनला अर्धं पान, फोटोसकट. मी ती बोटभर बातमी कापून फ्रिजवर लावलीय. नारायणगावजवळ खोडदला त्याच संस्थेच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, तीस डिश, प्रत्येक ४५ मीटर रुंद, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे विज्ञानाचं प्रदर्शन असतं, शाळेला सांग सहल काढायला. वॉटर पार्क पळून जात नाही.

मुलासाठी ऑनलाइन टेलिस्कोप मागवला, खोक्यावर "५२५ एक्स" आणि शनीच्या कड्यांचा फोटो. मुलाने शनी लावला तर कडीच नाहीत. फसलो का? — एक वडील, सांगली

अर्धे फसलात. ते ५२५ म्हणजे नुसता आकडा आहे. दुर्बीण किती मोठं दाखवू शकेल ते तिच्या भिंगाच्या रुंदीवर ठरतं, ढोबळ हिशोब मिलिमीटरच्या दुप्पट. तुमचं भिंग पन्नास मिलिमीटरचं असेल तर शंभर पट झालं की पुढे सगळा चिखल, वर तो काडीसारखा स्टँड, मुलाने शिंक दिली तरी शनी सोलापूरला जाणार. सगळ्यात कमी पॉवरची, म्हणजे ज्यावर सगळ्यात मोठा आकडा लिहिलाय ती आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चंद्र बघितले ते वीसेक पटीच्या दुर्बिणीतून.

आणि कड्यांचं म्हणाल तर त्यात दुकानदाराचा दोष नाही, तुमची वेळ वाईट. शनीची कडी दोन लाख ८० हजार किलोमीटर रुंद आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, म्हणजे आमच्या बिल्डिंगएवढी. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो आणि त्या फेरीत दोनदा आपल्याला ती कडी नेमकी धारेवरून दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. मार्च २०२५ मध्ये तसं झालं आणि नोव्हेंबरात परत जवळपास तसंच. आता वर्षागणिक उघडत जातील. तोवर मुलाला गुरू लावून द्या. १० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर, त्या सुमाराला संध्याकाळी पूर्वेला मिथुन राशीत सगळ्यात तेजस्वी तोच, त्याच्या बाजूला एका रेषेत चार टिंबं दिसली की पैसे वसूल.

आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप आहे. तुम्ही किल्ली कशी मिळवलीत? — एक वाचक, कल्याण

आमच्याकडे पण कुलूपच होतं. सेक्रेटरी म्हणायचे पाण्याच्या टाक्या आहेत, कोणी पडलं बिडलं तर जबाबदारी कोणाची. दोन वर्षं अर्ज दिले. मग कळलं की त्यांना साडेसाती चालू आहे, दर शनिवारी तेल आणि रुईची माळ घेऊन मारुतीला जातात. नोव्हेंबरात एक मैत्रीण तिचा चांगला सहा इंची टेलिस्कोप घेऊन आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, या एकदा, स्वतः डोळ्यांनी बघा कोण त्रास देतंय ते. किल्ली घेऊन आले, आधी हात जोडले, चप्पल काढली, वाकून आयपीसला डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. एक फिकट पिवळा गोळा, त्यातून सुई आरपार घातल्यासारखी बारीक रेघ.

"हा?" म्हणाले.

हा, म्हटलं.

"एवढासा?"

परत वाकले, परत बघितलं, आणि मग जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, टाकीचं झाकण तेवढं बघा. शनिवारचं तेल अजून चालू आहे, ते काही मी विचारलं नाही.